डायलिसिसवाल्यांचं पोटॅशियम, बायकार्ब, सोडियम... हा रिपोर्ट वाचायचा तरी कसा?

पाऊलवाट

नमस्कार मंडळी. बाबांचं हिमोडायलिसिस चालू होऊन बरीच वर्षं झाली, आठवड्यातून तीनदा, चार-चार तास. क्रिएटिनिन आणि युरियाचं आता काही वाटत नाही, ते वाढलेलंच असणार हे अंगवळणी पडलंय. पण ह्या वेळी दोन रिपोर्ट हातात आलेत आणि दोघांचं तोंड दोन दिशांना. पहिला सेंटरमधला: पोटॅशियम ६.१, बायकार्बोनेट १८, सोडियम १३१. दुसरा त्याच दिवशी संध्याकाळचा, डायलिसिस उरकून येताना खोकल्यासाठी एका वेगळ्या डॉक्टरांकडे गेलो त्यांनी करायला लावलेला: पोटॅशियम ३.२, बायकार्ब २८. पोटॅशियम कमी झालंय म्हणून त्यांनी पोटॅशियमचं सिरप लिहून दिलं. पुढच्या खेपेला सेंटरमधल्या सिस्टरना सहज दाखवलं तर त्या ओरडल्याच, एक चमचासुद्धा देऊ नका म्हणाल्या, आणि तेवढ्यात दुसऱ्या पेशंटचं मशीन वाजायला लागलं म्हणून तिकडे पळाल्या. टेक्निशियन म्हणाले "काळजी करू नका ताई, २ चा बाथ लावलाय". आता हा बाथ काय प्रकार आहे? आणि ६.१ खरं की ३.२? डॉक्टर राउंडला येतात पण वीस पेशंट असतात, प्रश्न सुचेपर्यंत ते पुढच्या खाटेवर. कुणी सोप्या भाषेत सांगेल का?

उंबरझाड

वाचतोय. आमच्याकडेही काकांचं हेच चालू आहे, बाथ शब्द मी पण ऐकलाय आणि माना डोलावल्यात.

खाट क्र. ९

दोन्ही खरे आहेत. मी स्वतः पेशंट आहे, नीट उत्तर इथले जाणकार देतील, पण तोवर ते सिरप कपाटातूनसुद्धा काढून टाका. सिस्टर बरोबर ओरडल्या.

मशीनमागचा

टेक्निशियन आहे, बाथचं मी सांगतो.

डायलायझर म्हणजे ती जी उभी नळी असते, तिच्यात हजारो बारीक पोकळ धागे असतात. धाग्यांच्या आतून रक्त जातं आणि बाहेरून उलट्या दिशेनं आमचं पाणी. ह्या पाण्याला डायलायझेट म्हणतात, बोलीभाषेत बाथ. साधारण मिनिटाला ५०० मिली, म्हणजे चार तासांत १२० लिटर पाणी पेशंटच्या रक्ताशेजारून वाहून जातं. हे नुसतं पाणी नसतं, त्यात सोडियम, पोटॅशियम, कॅल्शियम, मॅग्नेशियम, क्लोराइड, बायकार्बोनेट, थोडं ग्लुकोज असं सगळं मापून घातलेलं असतं. जिकडे जास्त तिकडून कमीकडे जायचं, एवढाच नियम. रक्तात पोटॅशियम ६ आणि बाथमध्ये २, तर ते रक्तातून पाण्यात येणार. बायकार्ब, म्हणजे आम्ल विझवणारा क्षार, रक्तात १८ आणि बाथमध्ये ३५, तर ते उलटं पाण्यातून रक्तात जाणार. म्हणजे लोकांना वाटतं डायलिसिस म्हणजे फक्त काढणं, तसं नाही, आम्ही देतोसुद्धा.

२ चा बाथ म्हणजे त्या पाण्यात लिटरला २ मिलिमोल पोटॅशियम आहे. १ चा असतो, ३ चा असतो. तुमच्या खाटेशेजारी दोन कॅन दिसत असतील, पार्ट ए आणि पार्ट बी. ए मध्ये आम्ल आणि कॅल्शियम, मॅग्नेशियम, पोटॅशियम वगैरे, बी मध्ये बायकार्बोनेट. दोन्ही आधी एकत्र का करत नाही, तर दाट असताना एकत्र आले की कॅल्शियम कार्बोनेटचा चुना खाली बसतो. म्हणून मशीन ऐनवेळी पाण्यात पातळ करत करत मिसळतं आणि कंडक्टिव्हिटी, म्हणजे त्यातून वीज किती वाहते ते, बघत राहतं. ती साधारण १४ च्या आसपास असते, भलतीकडे गेली की मशीन बोंबलतं आणि बाथ पेशंटकडे न पाठवता थेट ड्रेनला सोडतं. पण एक लक्षात घ्या, कंडक्टिव्हिटीचा आकडा मुख्यतः सोडियमचा असतो. २ च्या जागी ३ चा कॅन लागला तर मशीनला कळेलच असं नाही. म्हणून कॅनवरचं लेबल माणसानंच वाचायचं. तुम्ही पण वाचा, आम्हाला राग येत नाही. आला तरी वाचा.

पाऊलवाट

वा, इतकं स्वच्छ कुणीच सांगितलं नव्हतं. म्हणजे २ चा बाथ लावून पोटॅशियम २ पर्यंत खाली येतं का? आणि मग लवकर खाली आणायला ० चा का लावत नाहीत?

नेफ्रॉन

किडनीचं काम करणारा डॉक्टर आहे. इथे कुणाच्या रिपोर्टवर औषध सांगणार नाही, पण गणित सांगतो कारण ते फार कमी लोक समजावतात.

शरीरातलं जवळजवळ ९८ टक्के पोटॅशियम पेशींच्या आत असतं, मुख्यतः स्नायूंत. सत्तर किलोच्या माणसात साधारण ३५०० मिलिमोल, आणि त्यातलं पेशींबाहेर जेमतेम ६०-७०. रिपोर्टमध्ये जे दिसतं ते ह्या बाहेरच्या दोन टक्क्यांचं. डायलिसिस फक्त बाहेरचं उपसतं. चार तासांत ७० ते १०० मिलिमोल निघतं, म्हणजे बाहेर होतं त्याहून जास्तच, कारण आतून हळूहळू बाहेर येत राहतं. पण आतून बाहेर येण्याचा वेग मशीनच्या उपसण्याच्या वेगापेक्षा कमी, त्यामुळे सेशन संपताना रक्तातला आकडा फसवा खाली गेलेला असतो. पुढच्या काही तासांत आतलं पोटॅशियम बाहेर येऊन आकडा परत चढतो, ह्याला रिबाउंड म्हणतात. तुमच्या बाबांचं ३.२ हे ह्याच खळग्यात पकडलेलं आहे. ती कमतरता नाही. त्यावर सिरप द्यायचं म्हणजे ज्याला लघवीवाटे पोटॅशियम बाहेर टाकताच येत नाही त्याला वरून पोटॅशियम पाजायचं. खोकल्याच्या डॉक्टरांना सेशन नुकतंच संपलंय हे कुणी सांगितलं होतं का? बहुतेक नसेल. ह्यात त्यांना बोल लावण्यासारखं नाही, रिपोर्टवर नुसती तारीख असते, 'डायलिसिसनंतर लगेच' असं छापलेलं नसतं.

तर वर्षानुवर्षं डायलिसिसवर असलेल्या माणसाचा कुठलाही आकडा दोन गोष्टींशिवाय अर्धाच असतो: रक्त कधी काढलं, आणि मागच्या वेळी बाथ कुठला होता. आलेख काढलात तर तो करवतीच्या दात्यांसारखा दिसेल, दोन दिवस वर वर चढतो आणि चार तासांत धाडकन खाली. निरोगी माणसाच्या आलेखाला हे दातेच नसतात कारण त्याच्या किडन्या आठवड्याचे १६८ तास काम करतात. आपल्याकडे मशीनला मिळतात १२.

आता ० चा बाथ का नाही. हृदयाला आकडा जितका सोसवत नाही त्याहून जास्त सोसवत नाही तो आकड्याचा उतार. पहिल्या तासातच पोटॅशियम साधारण १ नं खाली येतं. बाथ फार कमी असेल तर हा उतार आणखी तीव्र, आणि हृदयाचे ठोके बिघडायचा धोका. २ पेक्षा कमी पोटॅशियमच्या बाथचा अचानक हृदय बंद पडण्याशी संबंध अनेक पाहण्यांत दिसलाय. म्हणून १ चा बाथ हल्ली सहसा टाळतात किंवा लक्ष ठेवून थोड्या वेळापुरता लावतात. डिगॉक्सिन हे हृदयाचं औषध घेणाऱ्या पेशंटमध्ये तर आणखी जपून, कारण पोटॅशियम घसरलं की त्या औषधाची विषबाधा वाढते.

खाट क्र. ९

नेफ्रॉनसाहेब, मोठ्या गॅपचं पण सांगा ना. आम्हा तीनदावाल्यांना आठवड्यात एक गॅप दोन दिवसांचा येतो, आणि आमच्या सेंटरमधल्या जुन्या पेशंटांना सगळ्यात भीती त्याचीच.

नेफ्रॉन

भीती रास्त आहे. २०११ साली अमेरिकेतल्या बत्तीस हजारांवर पेशंटांचा अभ्यास प्रसिद्ध झाला, त्यात ह्या मोठ्या गॅपनंतरच्या दिवशी मृत्यू आणि हृदयाच्या कारणानं ॲडमिशन दोन्ही इतर दिवसांपेक्षा जास्त निघाले. त्या दिवशी सगळंच टोकाला असतं: पाणी जास्त, पोटॅशियम जास्त, आम्ल जास्त. आणि मग मशीनवर तेच सगळं झपाट्यानं उलटं फिरतं. म्हणून मोठ्या गॅपनंतरचा सेशन चुकवू नये, अर्ध्यात सोडू नये. लग्नकार्य असेल तर मधला सेशन पुढेमागे करण्याबद्दल सेंटरशी बोला, हा नको.

दुपारचा चहा

इतकं घाबरवू नका हो लोकांना. पोटॅशियम वाढलं की अंगाला कळतंच की, पाय जड होतात, छातीत धडधडतं. तेव्हा जायचं दवाखान्यात.

खाट क्र. ९

दुपारचा चहा, नाही कळत. मी ठणठणीत चालत सेंटरला गेलोय, वाटेत भाजी घेऊन, आणि रिपोर्ट आला ६.८. सिस्टरनं आधी ईसीजी काढला आणि मग माझ्याशी बोलली. दुसऱ्या एका माणसाला मात्र ६.३ लाच जिना चढवेना, मांड्यांत त्राणच नाही. कुणाला कळतं, कुणाला नाही, आणि ज्याला कळत नाही त्याला पहिली खूण म्हणून थेट हृदयच थांबू शकतं. त्यामुळे 'कळेल तेव्हा बघू' हे गणित आपल्याला परवडत नाही.

नेफ्रॉन

+१. ईसीजीवर टी वेव्ह उंच टोकदार होते, मग पी सपाट होते, मग क्यूआरएस रुंद होत जातो, असा क्रम पुस्तकात असतो. प्रत्यक्षात तो क्रम कधीकधी पाळला जात नाही, ईसीजी नॉर्मल असूनही पोटॅशियम घातक असू शकतं. पायातलं बळ अचानक गेलं, चक्कर, ठोके अनियमित वाटले, तर फोरमवर विचारत बसू नका, इमर्जन्सीत जा आणि दारातच सांगा की डायलिसिसचा पेशंट आहे. तिथे कॅल्शियमचं इंजेक्शन देतात ते पोटॅशियम कमी करायला नाही, हृदयाला तेवढ्यापुरतं सांभाळायला. इन्सुलिन-ग्लुकोज आणि सालब्युटामॉलची वाफ पोटॅशियमला पेशींच्या आत ढकलतात, तेही काही तासांसाठी. शरीरातून बाहेर काढायचं तर डायलिसिसच.

शीतपेटी

लॅबमधला माणूस आहे, आमच्या बाजूचं कुणी बोलत नाही म्हणून टायपतोय. खोटं पोटॅशियम नावाची एक गोष्ट असते. रक्त काढताना सुई नीट बसली नाही, सिरिंज जोरात ओढली, किंवा ट्यूब हलवत आपटत आणली की लाल पेशी फुटतात आणि त्यांच्या आतलं पोटॅशियम सीरममध्ये उतरतं. ट्यूब फिरवून झाल्यावर वरचं पाणी गवती पिवळं दिसायला हवं, ते गुलाबी दिसलं की आम्ही 'हिमोलाइझ्ड' असा शेरा मारतो. हा शेरा रिपोर्टच्या तळाशी बारीक अक्षरात असतो आणि कुणी वाचत नाही. टर्निकेट, म्हणजे दंडाला बांधायचा पट्टा, फार वेळ बांधून पेशंटला मूठ आवळ-सोड करायला लावली तरी आकडा वाढतो. बायकार्बचं उलटं, तो खोटा कमी येतो. ट्यूब अर्धवट भरलेली असेल, झाकण उघडं राहिलं, किंवा नमुना तासन् तास पडून राहिला तर त्यातला कार्बन डायऑक्साइड उडून जातो. सेंटरमधून नमुने एकत्र जमवून दूरच्या लॅबला पाठवत असतील तर १८ मधला एखाद-दुसरा आकडा प्रवासातच गेलेला असू शकतो. तरी ६.१ ला 'लॅबची चूक' म्हणून सोडून द्या असं म्हणत नाहीये हां, परत काढून बघा एवढंच.

पाऊलवाट

शेरा बघितला, नाहीये. म्हणजे ६.१ खरंच. पण आई शपथ बाबा पथ्य पाळतात हो. फळं बंद, रस बंद, भाजी चिरून भरपूर पाण्यात उकळून ते पाणी फेकून देतो. तरी का वाढतंय?

मशीनमागचा

आधी फिस्टुला, म्हणजे हातात शीर आणि धमनी जोडून केलेली सुया टोचायची जागा, बघून घ्या. पथ्य तेच, वेळ तोच आणि पोटॅशियम महिन्यागणिक वर सरकतंय म्हटल्यावर मला पहिली शंका तीच येते. फिस्टुला अरुंद झाला की साफ झालेलं रक्तच परत परत मशीनमध्ये फिरत राहतं, चार तास भरतात पण सफाई होत नाही. पंपाचा वेग किती मिळतोय, व्हीनस प्रेशर, म्हणजे रक्त शरीरात परत जातानाचा दाब, वाढतंय का, सुया काढल्यावर रक्त थांबायला आधीपेक्षा जास्त वेळ लागतोय का, हे विचारा. आणि चार तास म्हणजे खरंच चार तास का? उशिरा लावणं, लवकर काढणं, मध्ये अलार्म, सगळं वजा जाता कित्येकांचे साडेतीनच भरतात.

खाट क्र. ९

आणि पोट साफ होतंय का ते विचारा बाबांना. मोठी माणसं हे सांगत नाहीत. किडनी गेल्यावर आतडं थोडं पोटॅशियम बाहेर टाकायला शिकतं, त्यामुळे बद्धकोष्ठ झालं की आमचा आकडा वर जातो. फॉस्फरस कमी करायच्या गोळ्यांनी आणि पाणी कमी पिण्यानं बद्धकोष्ठ तर ठरलेलंच.

नेफ्रॉन

दोघांनी माझं निम्मं काम केलं. उरलेलं: औषधांची यादी. रक्तदाबाच्या काही गोळ्या, म्हणजे रामिप्रिल, टेल्मिसार्टन ह्या कुळातल्या, आणि स्पायरोनोलॅक्टोन, दुखण्यावरच्या गोळ्या, ट्रायमेथोप्रिम असलेलं अँटिबायोटिक. त्यातल्या काही गरजेच्याही असतात, स्वतःच्या मनानं बंद करू नका, यादी दाखवा. डायबेटिस असेल तर साखर. साखर खूप वाढली आणि इन्सुलिन कमी पडलं की पेशींतलं पोटॅशियम बाहेर येतं, तिथे पथ्य दोषी नसतं.

आणि सगळ्यात छुपा चोर म्हणजे 'कमी सोडियमचं' मीठ. त्यात सोडियम क्लोराइडच्या जागी पोटॅशियम क्लोराइड घातलेलं असतं. निरोगी माणसाला ठीक, डायलिसिसवाल्याला थेट धोका. पाकिटावर 'हृदयासाठी उत्तम' लिहिलेलं बघून घरची माणसं प्रेमानं आणतात.

पाऊलवाट

अगंबाई. मिठाचं पाकीट बघायला उठले. आपलं साधंच आहे, हुश्श.

रानवाट_२

वेगळा मुद्दा. बायकार्ब १८ म्हणजे रक्तात आम्ल झालंय ना? मग रोज चिमूटभर खायचा सोडा पाण्यातून घेतला की काम झालं. एका व्हिडिओत बघितलं, किडनीच सुधारते म्हणे. साधी गोष्ट, पण डॉक्टर सांगणार नाहीत कारण त्यांचं दुकान बंद होईल.

नेफ्रॉन

दुकानाचं राहू द्या, सोड्याचं बोलू. खायचा सोडा म्हणजे सोडियम बायकार्बोनेटच, आम्ही पण गोळीच्या रूपात देतो, लपवण्यासारखं काही नाही. ज्यांची किडनी अजून थोडी चालते, डायलिसिस सुरू व्हायचंय, त्यांच्यात त्याचा उपयोग आहे, तेही मोजून. पण १ ग्रॅम सोड्यातून साधारण १२ मिलिमोल बायकार्ब येतो आणि तेवढंच सोडियमही. लघवी होत नसलेल्या माणसात ते सोडियम जाणार कुठे? तहान, पाणी, वजन, रक्तदाब, आणि मग रात्री आडवं झाल्यावर दम. आणि चिमूट हे माप कुणाची चिमूट ह्यावर अवलंबून.

आता आम्लाचं नीट सांगतो, कारण हा विषय पोटॅशियमच्या सावलीत राहतो. प्रथिनं पचली की त्यातून रोज वजनाच्या किलोमागे साधारण १ मिलिमोल आम्ल तयार होतं. किडनी ते टाकते आणि खर्ची पडलेलं बायकार्ब परत बनवते. किडनी गेली की दोन्ही बंद. मग आम्ल विझवायला शरीर आधी रक्तातलं बायकार्ब वापरतं, मग हाडातले क्षार, आणि जोडीला स्नायूंची झीज वाढते. वर्षानुवर्षं १७-१८ वर रेंगाळणारा माणूस बारीक होत जातो तो असा. श्वास थोडा खोल आणि भराभर चालतो, कारण फुप्फुसं कार्बन डायऑक्साइड बाहेर टाकून पीएच सावरायला बघतात.

मशीनवर एका सेशनमध्ये दोन दिवसांचं बायकार्ब भरून द्यायचं असतं. त्यामुळे सेशन संपता संपता तुमच्या बाबांसारखं २८ होतं, म्हणजे आता उलट थोडा क्षार जास्त, आणि पुढच्या सेशनपर्यंत परत १८-२०. एकाच आठवड्यात माणूस आम्लाकडून क्षाराकडे तीनदा झोके घेतो. म्हणून सेशनआधीचा आकडाच धरतात, जमलं तर आठवड्याच्या मधल्या सेशनआधीचा. तो २२ च्या आसपास असावा असं बहुतेक मार्गदर्शक सूचनांचं म्हणणं.

उंबरझाड

मग बाथमधलं बायकार्ब सरळ ४० करून टाकायचं. सोपं.

नेफ्रॉन

सोपं वाटतं खरं. पण क्षार वाढला की पोटॅशियम आणखी पेशींत शिरतं, आणि रक्तातलं मोकळं कॅल्शियम घटतं. पेशंटला ओठांभोवती मुंग्या येतात, बोटं वाकडी होतात, ठोके बिघडू शकतात. आधीच खाली घसरणाऱ्या पोटॅशियमवर हा दुसरा धक्का.

शिवाय बाथमध्ये बायकार्बोनेटच्या जोडीला पार्ट ए मधल्या आम्लातून थोडं ॲसिटेट असतं, ते यकृतात जाऊन बायकार्बच बनतं. काही कॉन्सन्ट्रेटमध्ये हे ॲसिटेट दुप्पट असतं. म्हणजे मशीनवर ३५ दिसतंय आणि शरीराला त्याहून चांगलंच जास्त मिळतंय. २०१२ साली अमेरिकेच्या औषध प्रशासनाला, एफडीएला, ह्यावर जाहीर इशारा द्यावा लागला, की डॉक्टरांनी हा जादा भाग धरूनच आकडा ठरवावा.

अवांतर: सुरुवातीला बायकार्बच वापरायचे, पण वर मशीनमागचे म्हणाले तो चुना बसायचा. १९६४ मध्ये सिएटलच्या स्क्रिब्नर यांच्या गटानं त्याऐवजी ॲसिटेट घातलं आणि दोन दशकं बहुतेक जग ॲसिटेटवर चाललं. पेशंटांचं बीपी पडायचं, उलट्या, डोकेदुखी, आणि ते 'डायलिसिसचाच त्रास' म्हणून खपायचं. मापून मिसळणारी मशीन आली तेव्हा ऐंशीच्या दशकात बायकार्ब परत आलं.

खाट क्र. ९

जुन्या पेशंटांकडून त्या ॲसिटेटच्या दिवसांच्या गोष्टी ऐकल्यात. प्रत्येक खाटेखाली घमेलं ठेवलेलं असायचं म्हणे.

ओंजळ

एक शंका. आमच्या आहारतज्ज्ञ म्हणाल्या, सासऱ्यांचं बायकार्ब २६ आहे सेशनआधी, आणि त्या खूश नव्हत्या. मी म्हटलं नॉर्मल आहे की. तर म्हणाल्या जेवत नाहीत म्हणून नॉर्मल आहे. हे काय कोडं?

नेफ्रॉन

कोडं नाही, फार हुशार बाई आहेत त्या. आम्ल येतं प्रथिनांतून. जो नीट जेवतो त्याचं बायकार्ब थोडं उतरलेलं असतं. ज्याचं जेवणच तुटलंय त्याचं आम्लच बनत नाही, मग आकडा सुंदर दिसतो. सोबत पोटॅशियम आणि फॉस्फरसही 'छान', युरिया कमी. असा सगळा सुबक रिपोर्ट आणि वजन घटतंय, अल्ब्युमिन (रक्तातलं प्रथिन) घसरतंय, तर तो रिपोर्ट वाईट समजावा. मोठ्या पाहण्यांमध्येही सेशनआधी किंचित कमी बायकार्ब असलेल्यांची तब्येत एकदम जास्त असलेल्यांपेक्षा बरी निघाली आहे. फार कमी पण वाईट, फार जास्त पण वाईट. उलट्या चालू असतील तरी बायकार्ब वाढतं, कारण पोटातलं आम्लच बाहेर जातं, तेही विचारून घ्या.

ओंजळ

उलट्या नाहीत. जेवण खरंच कमी झालंय, दोन घास खाऊन ताट सरकवतात. धन्यवाद, आजच बोलते त्यांच्याशी.

निळी छत्री

सगळे पोटॅशियम कमी करा म्हणताय, आमच्याकडे उलटं! आई पेरिटोनियल डायलिसिसवर आहे, पोटातून घरीच करतो, आणि तिचं पोटॅशियम सतत ३.१-३.३. डॉक्टरांनी फळं खायला सांगितलीत. मी आधी हा धागा वाचला असता तर डॉक्टरच बदलला असता 😀

नेफ्रॉन

नका बदलू, बरोबर सांगितलंय. पोटात सोडायच्या पाण्यात पोटॅशियम शून्य असतं, आणि ते रोज, सुट्टी न घेता चालतं. वर त्यातल्या ग्लुकोजमुळे इन्सुलिन वाढतं, पोटॅशियम पेशींत जातं. भूक कमी असेल तर आणखी घसरतं. फार कमी राहिलं तर आतड्यांची हालचाल मंदावते, स्नायू दुबळे पडतात, पोटातल्या इन्फेक्शनशीही त्याचा संबंध आढळलाय. आम्लाचा झोकाही पेरिटोनियल डायलिसिसमध्ये नसतो, त्या पाण्यात बहुतेक वेळा लॅक्टेट असतं आणि त्यातून बायकार्ब संथपणे मिळत राहतं. करवत फक्त मशीनवाल्यांची. त्यामुळे ज्यानं त्यानं आधी आपलं डायलिसिस कुठलं ते बघावं आणि मगच दुसऱ्याच्या पथ्याची यादी उचलावी.

दुपारचा चहा

बरं ते सोडियम १३१ राहिलंच की. कमी आहे, म्हणजे जेवणात मीठ वाढवायला हवं ना?

मशीनमागचा

नको! हा सल्ला रोज ऐकतो आणि रोज डोक्याला हात लावतो. लघवी नसलेल्या माणसाचं सोडियम कमी दिसतं ते बहुतेक वेळा पाणी जास्त झाल्यामुळे. बाबांचं दोन सेशनमधलं वजन किती वाढतं ते सांगा, उत्तर तिथेच असेल. मीठ वाढवलं की तहान वाढणार, साधारण ८-९ ग्रॅम मीठ शरीरात राहिलं की ते लिटरभर पाणी धरून ठेवतं. ते सगळं परत आम्हीच चार तासांत ओढायचं, मग पोटऱ्यांत गोळे आणि बीपी ढप्प.

आणि मशीनचं सोडियम मुद्दाम वर ठेवण्याबद्दल: बीपी पडू नये, गोळे येऊ नयेत म्हणून काही ठिकाणी १४५ वगैरे लावायचे. सेशन मस्त जातो, पेशंट हसत घरी जातो आणि रात्रभर पाणी पितो. पुढच्या वेळी वजन आणखी जास्त. साधारण १३८-१४० बरं.

नेफ्रॉन

पुरवणी. मधुमेह्यात साखर वाढली तरी सोडियम कमी दिसतं, साखर पेशींतलं पाणी बाहेर खेचते. तिथे इन्सुलिन हे औषध. आणि कुणाचं सोडियम ११८-१२० इतकं खाली असेल तर ते एका सेशनमध्ये १४० ला न्यायचं नसतं, मेंदूला धोका असतो. तेव्हा बाथचं सोडियम कमी ठेवून, वेळ कमी करून, बेतानं चढवतात. अशा वेळी 'आज दोनच तास का लावलं' म्हणून टेक्निशियनशी भांडू नका.

मशीनमागचा

हे शेवटचं वाक्य फ्रेम करून लावतो.

कापूसकोंडा

कॅल्शियम, मॅग्नेशियमवर पण दोन ओळी लिहा ना कुणीतरी.

नेफ्रॉन

दोनच लिहितो, फॉस्फरस-पॅराथायरॉइडसकट तो स्वतंत्र धाग्याचा विषय आहे. कॅल्शियम वाचताना शेजारचं अल्ब्युमिन वाचा, अल्ब्युमिन कमी असेल तर एकूण कॅल्शियम खोटं कमी दिसतं. बाथमधलं कॅल्शियम हल्ली साधारण लिटरला १.२५ ते १.५ मिलिमोल ठेवतात. मॅग्नेशियम बहुतेक सेंटरमध्ये नेहमीच्या तपासणीत नसतंच. ॲसिडिटीच्या गोळ्या, म्हणजे पँटोप्राझोल-ओमेप्राझोल, वर्षानुवर्षं घेणाऱ्यांत ते कमी असू शकतं, आणि मॅग्नेशियम असलेली अँटासिड किंवा जुलाबाची औषधं घेणाऱ्यांत जास्त. दुकानातून परस्पर घेऊ नका.

पाऊलवाट

अपडेट देते. आज राउंडला डॉक्टरांना खाटेशी थांबवलंच. कागदावर चार ओळी लिहून नेल्या होत्या: रक्त कधी काढलं, बाथ कुठला, पंपाचा वेग, वजन किती वाढतं. त्यांनी कागद हातात घेऊन वाचला आणि टेक्निशियनना चार्ट आणायला सांगितला. पंप ३०० ला लावतात असं आम्हाला वाटत होतं, प्रत्यक्षात प्रेशर वाढतं म्हणून गेले काही सेशन २२० लाच चालू होता. सुया काढल्यावर रक्त थांबायला वेळ लागतो हे मी सांगितल्यावर त्यांनी लगेच फिस्टुलाची डॉपलर, म्हणजे रक्ताचा प्रवाह बघायची सोनोग्राफी, लिहून दिली. बाथ २ चाच ठेवलाय. पोटॅशियम बांधणारी पावडर तात्पुरती दिलीय, बाकीच्या गोळ्यांपासून तीन तास लांब घ्यायला सांगितलंय. बायकार्ब आत्ता बदलत नाही म्हणाले, सफाई सुधारली की तेही सुधारेल. मशीनमागचे, तुमचा अंदाज अगदी बरोबर होता.

मशीनमागचा

अंदाज नाही हो ताई, रोजचं आहे. डॉपलर लांबवू नका, फिस्टुला बंद पडला की मानेत कॅथेटर घालावं लागतं. रिपोर्ट आला की इथे सांगा.

रातकिडा

उशिरा आलोय, पण एक विचारू का? वहिनींचं ऑपरेशन आहे, त्यांना आदल्या रात्रीपासून उपाशी ठेवणार. काही खाणारच नाहीत म्हणजे पोटॅशियमची काळजी नाही, बरोबर ना?

नेफ्रॉन

उलट आहे. उपाशी राहिलं की इन्सुलिन घटतं, आणि डायलिसिसच्या पेशंटमध्ये पोटात काही न जाताही पोटॅशियम वर चढू शकतं. म्हणून ऑपरेशन शक्यतो डायलिसिसच्या दुसऱ्या दिवशी ठेवतात, यादीत पहिला नंबर मागून घ्या म्हणजे उपवास लांबत नाही, आणि त्या दिवशी सकाळी पोटॅशियम परत बघायला सांगा. रक्त द्यावं लागणार असेल तर ते आधीच्या डायलिसिसमध्ये मशीनवरच देता येईल का ते विचारा, साठवलेल्या रक्तात पोटॅशियम असतं. भूल देणाऱ्या डॉक्टरांना शेवटचा सेशन कधी झाला हे नुसत्या तारखेनं नाही, वेळेसकट सांगा.

रातकिडा

यादीत आठवा नंबर आहे त्यांचा. आत्ताच फोन लावतो.